बेसची खरखर: आधी नेक, मग सॅडल

पुण्यातली कोरडी थंडी सुरू झाली आणि माझ्या चार तारांच्या बेस गिटारवर सगळ्यात जाड ई तार पहिल्या पाच फ्रेट्समध्ये (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरायला लागली. बाराव्या फ्रेटच्या पुढे मात्र आवाज स्वच्छ. म्हणजे सॅडलला (खालच्या टोकाला तार टेकते तो, उंची ठरवणारा भाग) हात लावायचा नाही, नेक, म्हणजे गिटारची मान, जास्तच सरळ झालाय. तारा सुरात लावून ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली. सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट जवळपास नव्हतीच. ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा वाक ठरवणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल केला, पुन्हा सूर लावला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी फट साधारण ०.३ मिमी. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: ई २.४, सगळ्यात बारीक जी २ मिमी. तारा अजून खाली आणायचा मोह होतो, पण वाजवताना माझा हात जड आहे, त्या पुन्हा खरखरतील. अँपमधून ऐकू न येणारी खरखर मी सोडून देतो. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का ते जुळवणं, सगळ्यात शेवटी.