गॅमा किरणांची ऊर्जा कोनातून मोजताना

गॅमा किरण मोजायचे म्हटले की विद्यार्थ्यांना आधी जर्मेनियम डिटेक्टर (किरणाची ऊर्जा विद्युत संकेतात बदलून मोजणारे उपकरण) आठवतो, आणि त्यात वावगे काही नाही. कोबाल्ट-६० ची १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा (म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या गॅमाचे शिखर) चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरवर साधारण २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद दिसते. बहुतेक कामे तेवढ्यात भागतात. पण शेजारच्या दोन रेषांमध्ये पन्नासेक इलेक्ट्रॉनव्होल्टचेच अंतर असेल, किंवा ऊर्जा दशलक्षात एका भागापर्यंत अचूक हवी असेल, तर स्फटिक स्पेक्ट्रोमीटरला पर्याय नाही: त्यात स्फटिक किरणांना ऊर्जेनुसार वेगवेगळ्या कोनात वळवतो आणि आपण तो कोन मोजतो.

माझी पीएचडीची वर्षे अशाच एका स्पेक्ट्रोमीटरवर गेली. या कामात नव्याने येणाऱ्याला मी आधी एकच गणित सोडवायला लावतो. ब्रॅगचा नियम (तरंगलांबी, स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधले अंतर आणि वळण्याचा कोन यांचे नाते) बारावीपासून पाठ असतोच, आता त्यात १ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा घाला. तरंगलांबी येते सुमारे १.२४ पिकोमीटर. सिलिकॉनच्या (२२०) या अणुथरांमधले अंतर १९२ पिकोमीटर. म्हणजे कोन जेमतेम ०.००३२ रेडियन, अंशाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. ऊर्जा दशलक्षात एका भागापर्यंत हवी, तर हा कोन ३ नॅनोरेडियनपर्यंत कळायला हवा. एवढे कागदावर उतरले की पुढची तीन-चार वर्षे कशात जाणार याचा अंदाज येतो. नाव न्यूक्लियर फिजिक्सचे, पण दिवस जातात लेझर इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरींच्या साहाय्याने अतिसूक्ष्म हालचाल मोजणारे यंत्र), तापमान आणि कंपने यांच्यामागे.

कोन इतके लहान असल्याने किरण स्फटिकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित करून चालत नाही. तसे केले तर स्फटिक अवाच्या सवा लांब घ्यावा लागेल. त्यामुळे किरण काही मिलिमीटर जाडीच्या स्फटिकातून आरपार जाऊ देतात, ही लाउए रचना. अचूक मोजणीसाठी असे दोन सपाट स्फटिक एकामागोमाग ठेवतात. दुसरा स्फटिक पहिल्याला समांतर असताना सगळ्याच तरंगलांबी एकदम पार होतात, म्हणून तिथे दिसणारी शिखराची रुंदी ही निव्वळ स्फटिकांची आणि यंत्राची. मग दुसरा स्फटिक उलट बाजूच्या स्थितीत न्यायचा; आता शिखरात रेषेची स्वतःची रुंदीही मिसळते. दोन्ही स्थितींमधला फरक म्हणजे ब्रॅग कोनाची दुप्पट, त्यामुळे कोनाचा शून्य कुठे आहे हे कळण्याची गरजच उरत नाही. या रचनेतली ही युक्ती मला आजही सगळ्यात देखणी वाटते. समांतर स्थितीचे शिखर नेहमीपेक्षा रुंद आले तर त्या दिवशी पुढची मोजणी करू नका. आधी कंपने आणि स्फटिकाची बैठक तपासा.

तापमानाचेही तसेच. सिलिकॉन एका अंशाला दशलक्षात २.६ भाग प्रसरण पावतो. खोलीचे तापमान दशांश अंशाने सरकले, की निकालाच्या सातव्या अंकावर परिणाम झालाच. तरीही सिलिकॉनच वापरायचा, कारण त्याच्या जाळीतले अंतर क्ष-किरण आणि प्रकाशीय इंटरफेरोमेट्रीने थेट मीटरशी जोडलेले आहे. जर्मेनियमचा स्फटिक जास्त किरण वळवतो, पण हा आधार त्याला नाही.

आणखी दोन गोष्टी लवकर शिकून घ्या. एकाच कोनात दुप्पट ऊर्जेचा गॅमा दुसऱ्या क्रमाने (ब्रॅगच्या नियमात तरंगलांबीची दुप्पट धरून) येऊन बसतो, म्हणून स्फटिकांमागे ऊर्जा ओळखणारा डिटेक्टर लागतोच. दुसरी म्हणजे फोटॉनची टंचाई. दोन सपाट स्फटिकांतून पार होणारा हिस्सा इतका क्षुल्लक असतो, की स्रोत प्रचंड प्रखर लागतो. ग्रेनोबलच्या लाउए-लांजव्हँ संस्थेत म्हणूनच लक्ष्य (गॅमा सोडणारा पदार्थ) थेट अणुभट्टीच्या गाभ्याजवळ ठेवत. वाकवलेला स्फटिक वापरला तर किरण जास्त मिळतात. भौतिकशास्त्रज्ञ ड्यूमाँड यांनी १९४० च्या दशकात कॅलटेकमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक वाकवून तेच साधले. मात्र त्यात अचूकतेवर थोडे पाणी सोडावे लागते. रदरफोर्ड आणि अँड्रेड यांनी १९१४ मध्ये सैंधवाच्या स्फटिकावर रेडियमच्या गॅमा किरणांचे विवर्तन दाखवले, तेव्हापासून ही ओढाताण चालूच आहे.

कोन हाती आला तरी काम संपत नाही. गॅमा बाहेर पडताना अणुकेंद्र मागे ढकलले जाते आणि थोडी ऊर्जा घेऊन जाते. प्रोटॉनने न्यूट्रॉन पकडला की २२२३.२५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा येतो, पण त्यातून बनलेल्या ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा (दोघांना जोडून ठेवणारी ऊर्जा) आहे २२२४.५७. मधले १.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या धक्क्याचे. जर्मेनियम डिटेक्टरवर हा फरक रेषेच्या रुंदीतच झाकला जातो. स्फटिकावर तो तुमच्या त्रुटीच्या शेकडो पट मोठा असतो. अशाच मोजण्यांचा मेळ एमआयटीच्या आयन-सापळ्यात मोजलेल्या अणूंच्या वस्तुमानांशी घालून २००५ मध्ये वस्तुमान आणि ऊर्जेचे समीकरण (E = mc²) सुमारे १ कोटीत ४ भागांपर्यंत तपासले गेले. सिलिकॉन आणि गंधक यांनी न्यूट्रॉन पकडल्यावर निघणारे गॅमा त्यासाठी ग्रेनोबललाच मोजले होते.

नोकरीचे काय, हा प्रश्न येतोच. अशी यंत्रे जगात मोजकीच, तेव्हा फक्त याच कामात आयुष्य काढीन असे ठरवून येऊ नका. पण नॅनोरेडियन सांभाळणारा माणूस सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारे वेगवर्धक यंत्र), मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, क्ष-किरण प्रकाशिकीत सहज सामावला जातो. खगोलशास्त्राची आवड असेल तर लाउए भिंगांकडे पाहा: २००१ मध्ये क्लेअर नावाच्या प्रयोगात जर्मेनियमच्या स्फटिकांचे असे भिंग फुग्यातून वर नेले होते, १७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण एकत्र आणण्यासाठी.