रात्रीची स्वस्त वीज साठवायची तर (ब्रिटनमधल्या आपल्या लोकांसाठी)
बॅटरी केवढी घ्यायची ते विक्रेत्याला नको, स्वतःच्या मीटरला विचारा. सकाळपासून झोपेपर्यंत किती युनिट जातात ते काढा. आमच्या लेस्टरच्या घरात थंडीत नऊ जातात, म्हणून दहा युनिटची पुरते.

समजा रात्रीचा दर ८ पेन्स, दिवसाचा २५. साठवण्या-काढण्यात साधारण १० टक्के वीज वाया जाते, म्हणजे साठवलेलं युनिट ९ पेन्सला पडतं आणि १६ वाचतात. दोन दरांत चार-पाच पेन्सांचाच फरक असेल तर या फंदात पडूच नका.

मग इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ घाला. जुनं इकॉनॉमी ७ मीटर (रात्री सात तास स्वस्त दर देणारं) असेल तर जपून! त्यांतली बरीच उन्हाळ्यातही जीएमटीवरच, म्हणजे हिवाळ्यातल्या वेळेवरच, चालतात. मार्चअखेर घड्याळं बदलली की चार्जिंग तासभर उशिरा सुरू करा, नाहीतर पहिला तास महागाचा.

बॅटरी ठेवायला गॅरेज चालेल, पण लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. माळ्यावर तर नकोच, आगीचा धोका.

गरम पाण्याची टाकी असेल तर ती रात्रीच थेट तापवा, त्यासाठी बॅटरी कशाला? आणि फेब्रुवारी २०२४ पासून नुसती बॅटरी बसवून घेतली तरी व्हॅट शून्य आहे. कोटेशनमध्ये २० टक्के दिसले तर स्पष्ट विचारा.