जीनोमिक्स संशोधकाचा प्रभाव मोजताय? या चुका टाळा

दरवर्षी सेमिनारच्या दिवसांत एम.एस्सी.ची मुलं माझ्याकडे येतात. जीनोमिक्समधला, म्हणजे सजीवांच्या संपूर्ण जनुकीय माहितीच्या अभ्यासातला, एखादा संशोधक निवडलेला असतो आणि पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत त्याचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती आणि इतरांनी त्यांचे उल्लेख किती केले यावरून काढलेला आकडा. पेपर मात्र एकही वाचलेला नसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात, फक्त धीर नसतो.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक. आपल्या बडोद्यात मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. मराठी घरांत आडनाव शेवटी. त्यामुळे एकच माणूस एका पेपरात आडनावाने सापडतो, दुसऱ्यात वडिलांच्या नावाने. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं अर्धं काम तर वेगळ्याच नावाखाली पडलेलं असतं. आणि ‘पटेल ए.’ किती असतील, याची कल्पना करा.

काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातली एक विद्यार्थिनी रात्री नऊला घरी आली. “मॅडम, सरांचा एच-इंडेक्स २९ आहे, एकदा बघून द्या ना.” सर गव्हाच्या जीनोमवर काम करणारे. मी यादी उघडली तर मधेच मधुमेहाच्या औषधांवरचे चौदा पेपर! आद्याक्षरं तीच, माणूस दुसरा. वही घेऊन बसलो. एकेक शीर्षक, संस्था, सहलेखक ताडून पाहिले. रात्री एक वाजता २९ चे १९ झाले आणि पोरगी रडवेली झाली. मग नावाचं दुसरं स्पेलिंग टाकून शोधलं, तेव्हा सरांचे सुटलेले दोन पेपर सापडले. त्यातला एक त्यांचा सगळ्यात चांगला. तिने स्लाइडवरचा आकडा काढून टाकला आणि सेमिनार त्या पेपरवरच दिला.

म्हणून मी आधी ऑर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळखीचा, सोळा अंकी नंबर शोधते. तो असला तरी वही सोडत नाही, कारण ती यादी संशोधक स्वतः भरतो आणि पुष्कळदा अर्धवट ठेवतो. आपोआप बनलेल्या प्रोफाइलवरून आकडा उचलणं मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक सामूहिक पेपरांची. मानवी जीनोमचा पहिला आराखडा १५ फेब्रुवारी २००१ च्या ‘नेचर’मध्ये आला, सेलेरा या खासगी कंपनीचा दुसऱ्या दिवशी ‘सायन्स’मध्ये. दोन्हीकडे लेखकांची भलीमोठी यादी. अशा पेपरची सगळी सायटेशन (इतर पेपरांनी केलेले उल्लेख) एका माणसाच्या खात्यात टाकून त्याला थोर ठरवणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. अलीकडच्या पेपरांत शेवटी कोणी काय केलं याचा परिच्छेद असतो, तो वाचा. जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, हेही लक्षात ठेवा.

सायटेशन कशासाठी दिलंय, हेही कोणी पाहत नाही. १९९० चा ‘ब्लास्ट’चा, म्हणजे डीएनए किंवा प्रथिनांचे क्रम (सिक्वेन्स) ताडून पाहणाऱ्या संगणकीय साधनाचा, पेपर घ्या. सिक्वेन्स जुळवून पाहणारा जो तो त्याचा उल्लेख करतो. तो प्रभाव खराच, पण साधनाचा. एखाद्या कल्पनेने इतरांच्या कामाची दिशा बदलणं निराळं. मी सायटेशन देणारे दहा पेपर उघडते आणि उल्लेख पद्धतीच्या भागात आहे की चर्चेच्या, ते बघते. एक दुपार जाते. जाऊ द्या.

एच-इंडेक्स म्हणजे काय हे विचारलं की निम्मी मुलं गप्प होतात. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी तो मांडला: किमान १९ सायटेशन मिळालेले १९ पेपर असतील तर इंडेक्स १९. सगळ्यात गाजलेल्या पेपरला हजार मिळाली असोत वा वीस, त्यातून ते कळत नाही. विषयागणिक सायटेशन कमीजास्त असतात, म्हणून या आकड्यावरून जीनोमिक्सवाल्याची गणितज्ञाशी तुलना करू नका.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागे सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे.

बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन ठेवलेला मसुदा) आणि छापलेला पेपर हे एकच काम, दोनदा मोजू नका.

आणि पेपर मागे घेतला गेलाय का, ते पबमेड या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर सेमिनारच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. मागे घेतलेल्या पेपरलाही सायटेशन मिळत राहतात आणि यादीतला आकडा वाढतच जातो.