अल्गोरिदम बदलण्याआधी तारीख बदला: उपग्रह प्रतिमांवरून नकाशे करताना या चुका टाळा

वर्गीकरण, म्हणजे प्रतिमेतल्या प्रत्येक पिक्सेलला पीक, पाणी, जंगल असा वर्ग देणं, चुकलं की शिकणाऱ्याचा हात आधी अल्गोरिदमकडे जातो. मॅक्झिमम लाइकलीहूडनं जमेना, मग एसव्हीएम. तेही जमेना, मग रँडम फॉरेस्ट, आणि त्यातही 'झाडांची' (डिसिजन ट्रींची) संख्या १०० ची ५००. नकाशात फरक पडतो तो बांधावरचे चार पिक्सेल इकडचे तिकडे होण्यापुरता. निफाडच्या द्राक्षबागा 'पडीक'मध्येच राहतात आणि त्र्यंबकचा कडा 'पाण्या'तच. गफलत बहुतेक वेळा गणितात नसतेच. प्रतिमा कोणत्या तारखेची घेतली आणि संगणकाला शिकवायचे नमुने कुठून उचलले, तिथे ती असते. नाशिक जिल्ह्यात हे फार लवकर कळतं. पश्चिमेला इगतपुरी-सुरगाण्याचा पावसाचा डोंगरपट्टा, मध्ये गोदाकाठची बागायत, पूर्वेला येवला-नांदगावकडचं कोरडं रान; एका जिल्ह्यात तीन वेगळी वेळापत्रकं.

द्राक्षबागेला एकच रंग नसतो

सगळ्यात महागात पडणारी चूक ही: ढग नसलेली पहिली प्रतिमा हाती लागली की तीच घेऊन कामाला बसायचं. पावसाळा सरल्यावर ती बहुधा ऑक्टोबरची असते. आता ऑक्टोबरात द्राक्षबागेत काय चाललेलं असतं? फळछाटणी. आठवड्यापूर्वी छाटलेली बाग म्हणजे नुसत्या काड्या, तारा आणि खाली उघडी माती. शेजारच्या बागेची छाटणी अजून व्हायची आहे, ती गच्च हिरवी. पलीकडची सप्टेंबरातच छाटलेली, तिला नवी पालवी आलेली. तिन्ही द्राक्षंच, पण एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) तीन तऱ्हेचा. सटाण्याकडच्या अर्ली बागा तर भर पावसाळ्यात छाटून मोकळ्या झालेल्या असतात. अशा दिवशीच्या प्रतिमेवर तुम्ही 'द्राक्ष' नावाचे नमुने दिलेत तर त्यात उघडी माती, झुडपं आणि दाट पीक अशा तिन्ही गोष्टी येणार. मग संगणकानं पडीक रानाला द्राक्ष म्हटलं तर त्याचा दोष नाही.

पीक ओळखायचं ते एका दिवसाच्या रंगावरून नाही, वर्षभराच्या चढउतारावरून. युरोपच्या सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेवर येतात, त्यामुळे पावसाळा सोडला तर महिन्याला एखादी स्वच्छ प्रतिमा मिळतेच. त्या ओळीनं लावा आणि एकेका शेताचा आलेख काढा. द्राक्षाच्या आलेखात दोन खड्डे दिसतात: एक फळछाटणीचा, दुसरा एप्रिलच्या खरड छाटणीचा. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो, मार्च-एप्रिलमध्ये काढला जातो आणि मग रान मोकळं. गव्हाचा एकच उंचवटा. हे एकदा डोळ्यांत बसलं की मे महिन्याच्या शेवटच्या प्रतिमेचं मोल कळतं. तेव्हा निफाड-दिंडोरीत बहुतेक रानं उघडी असतात. जे हिरवं दिसतं ते द्राक्ष, ऊस आणि वर्षभर उभी असलेली झाडं. फक्त डाळिंबाकडे लक्ष असू द्या. मृग बहारासाठी ताणावर सोडलेली बाग याच दिवसांत पानं गाळून बसते.

यावर सोपा तोडगा म्हणून काही जण वर्षभराच्या सगळ्या प्रतिमांची मीडियन (प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत) काढून एकच चित्र बनवतात. ढग जातात हे खरं, पण ज्या दोन खड्ड्यांवरून द्राक्ष ओळखायचं होतं ते खड्डेही बुजतात. माझ्या मते शेतीच्या नकाशासाठी वर्षाची मीडियन ही मेहनत वाचवून माहिती फेकून देण्याची रीत आहे. काढायचीच तर खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशी तीन वेगळी काढा.

तारखेची हीच युक्ती इतरत्रही चालते. सिन्नरकडचा खडकाळ माळ आणि सातपूर-अंबडचे कारखाने एनडीबीआयमध्ये (बांधकाम टिपणाऱ्या निर्देशांकात) सारखेच चमकतात, कारण तो निर्देशांक उघडी जमीन आणि बांधकाम यांत भेद करत नाही. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावर गवत येतं, पत्र्यावर येत नाही. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्यानंतरच्या अशा दोन प्रतिमा एकत्र दिल्या की अर्धं भांडण मिटतं. जंगलाचं उलटं. सुरगाणा-पेठचं सागाचं रान पानगळीचं. मार्चच्या प्रतिमेत ते झुडपी माळासारखं दिसतं, नोव्हेंबरात मात्र जंगल जंगलासारखं दिसतं.

काळं दिसलं म्हणजे पाणी नव्हे

कूटरंगी (फॉल्स कलर) प्रतिमेत, जिच्यात झाडं लाल दिसतात, पाणी काळं-निळं दिसतं हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पुढचं सांगायचं राहून जातं. नाशिकमध्ये काळ्या दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: नांगरून पाणी दिलेली काळी माती, वणव्यात जळालेले डोंगर, पावसाआधी भाजलेले राब, आणि सगळ्यात फसवी म्हणजे सावली.

सावलीचं गणित समजून घ्या. लँडसॅट, सेंटिनेल-२ असे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो, सावली वायव्येला पडते. सह्याद्रीचे उभे कडे कोकणाच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेलाच आहेत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, त्यामुळे त्र्यंबक-इगतपुरीच्या कड्यांखाली लांबलचक काळे पट्टे उमटतात आणि वर्गीकरणात तिथे 'जलाशय' तयार होतात. इथे बँड, म्हणजे प्रकाशाचा टिपलेला पट्टा, बदलून फारसा उपयोग नाही, कारण सावलीत सगळेच बँड काळे. उपयोग होतो तो उताराच्या थराचा. पाणी उतारावर थांबत नाही. ३० मीटरच्या उंची-प्रतिमानावरून (जमिनीची उंची देणाऱ्या डीईएमवरून) उतार काढा आणि तीव्र उतारावरचं 'पाणी' सरळ रद्द करा.

काळ्या मातीसाठी मात्र बँडच कामाला येतो. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे सेंटिनेल-२ च्या ११ व्या बँडमध्ये, पाणी जवळजवळ सगळा प्रकाश गिळतं; माती तितका गिळत नाही. ११-८-४ अशी जोडणी करून, म्हणजे हे बँड लाल-हिरव्या-निळ्या रंगांत दाखवून, पाहिलीत तर फरक डोळ्यांनाच दिसेल.

उलट फसवणूकही होते. गोदावरीवर पाणवेली पसरल्या की नदी हिरवी, म्हणजे कूटरंगी प्रतिमेत लालभडक दिसते. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र. तिथे पाण्यात उगवलेल्या वनस्पतींमुळे जलाशयाचा मोठा भाग 'शेती' म्हणून वर्गीकृत होऊ शकतो. धरणं आटली की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पीक घेतलं जातं. मेमध्ये तिथे खरोखरच शेती असते आणि ऑक्टोबरात खरोखरच पाणी. दोन्ही नकाशे बरोबर. चूक होते ती नकाशावर तारीख न लिहिल्यानं.

डोळ्यांनी अर्थ लावतानाचा एक धोका इथेच सांगून टाकतो. उत्तर वर ठेवून पाहिलं की दक्षिणेकडून आलेल्या उजेडामुळे डोंगर खड्ड्यासारखा आणि दरी कण्यासारखी भासते. अंजनेरीचं पठार खोलगट वाटू लागलं तर प्रतिमा उलटी फिरवून पाहा, लगेच सरळ होईल.

नमुने: रस्त्यावरून घेतलेले, बांधावरून घेतलेले

१० मीटरच्या पिक्सेलचं क्षेत्र १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा एक आर तो हाच, आणि गुंठ्याच्याही जवळपास तेवढाच. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल सुमारे नऊ गुंठ्यांचा. हे हिशेब तोंडपाठ असू द्यावेत, कारण आपल्या मनातली शेतं गुंठ्यांत मोजलेली असतात. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात सेंटिनेलचे पूर्ण आत बसणारे पिक्सेल बहुतेक वेळा चारच. बाकीच्यांत काठ, प्लॅस्टिकचा कागद आणि बांधावरचं गवत मिसळलेलं. लँडसॅटला ते तळं धड दिसणारच नाही. नऊ फुटांवर ओळी असलेल्या बागेत एका पिक्सेलमध्ये तीन-चार ओळी आणि मधली माती येते. म्हणजे 'शुद्ध द्राक्ष' असा पिक्सेल नसतोच, आणि नमुनाही तसाच मिश्र घ्यायचा असतो.

प्रत्यक्ष पाहणीला गेल्यावर बांधावर उभं राहून मोबाइलवर बिंदू टिपू नका. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे असतं, त्यामुळे तो बिंदू शेजारच्या कांद्यात पडू शकतो. विचारून वीस-तीस पावलं आत जा, चारही दिशांचे फोटो घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेतकऱ्याशी बोला. "काका, छाटणी कधी घेतली? त्याआधी इथे काय होतं?" या दोन प्रश्नांत जे कळतं ते कोणत्याही बँडमध्ये नाही. आज शेतात जे उभं आहे त्यापेक्षा प्रतिमेच्या तारखेला काय उभं होतं, ते तुम्हाला हवं आहे.

गूगल अर्थवरून नमुने घेणाऱ्यांचीही हीच गत होते. समोर दिसणारी प्रतिमा दोन वर्षं जुनी असू शकते. खाली तारीख पाहा, जुन्या प्रतिमांची पट्टी उघडून जवळची तारीख निवडा. सगळे नमुने मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना घेतले आणि नकाशा मात्र पेठ-सुरगाण्यापर्यंत केला, तर तिथली भातखाचरं आणि नागलीची रानं संगणकानं कधी पाहिलेलीच नसतात. आणि वर्ग ठरवताना हट्ट सोडा. पॉलिहाऊस कारखान्याच्या पत्र्यासारखंच चकाकतं. त्याला वेगळा वर्ग द्या, किंवा चहूबाजूंनी शेती आहे हे पाहून हातानं दुरुस्त करा. हातानं केलेली दुरुस्ती ही फसवणूक नाही, फक्त ती केली असं अहवालात लिहा.

९६ टक्के अचूकता आली तर आधी शंका घ्या

बहुतेक वेळा असा आकडा एका कारणानं येतो. एका शेताभोवती बहुभुज काढला, त्यातले काही पिक्सेल शिकवायला आणि उरलेले तपासायला वापरले. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, मग परीक्षेत तेच प्रश्न आले तर गुण मिळणारच. विभागणी पिक्सेलची करू नका, शेतांची करा. जमलं तर तपासणीची गावंच वेगळी ठेवा.

एकूण अचूकतेवर समाधान मानणं ही दुसरी गोष्ट. समजा जिल्ह्याची ९५ टक्के जमीन पाण्याबाहेर आहे. संपूर्ण नकाशा 'पाणी नाही' म्हणून रंगवला तरी अचूकता ९५ टक्के येईल. म्हणून वर्गवार बघायचं: नकाशानं ज्याला द्राक्ष म्हटलं त्यातलं किती खरं द्राक्ष, आणि खऱ्या द्राक्षातलं किती नकाशानं पकडलं. हे दोन आकडे वेगळे असतात आणि दोन्ही लागतात. प्रत्येक वर्गाला तपासणीचे निदान ५० बिंदू असावेत असा प्रघात आहे.

सॉफ्टवेअर रुसलं असेल तर

२०२१ आणि २०२३ ची तुलना केली आणि सगळ्या जिल्ह्याचा एनडीव्हीआय घसरलेला दिसला? दुष्काळाचा निष्कर्ष काढण्याआधी मेटाडेटा (प्रतिमेसोबत येणारी माहिती) उघडा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची नवी बेसलाइन (आवृत्ती), ०४.००, लागू झाली आणि आकड्यांत १००० ची भर पडू लागली. ते वजा करून मग १०,००० नं भागायचं. गूगल अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संग्रह घेतला की हे आपोआप होतं.

लँडसॅट-८ वर ४-३-२ जोडणी केली आणि झाडं लाल दिसेनात, तर प्रतिमा बिघडलेली नाही. लँडसॅट-५ आणि ७ मध्ये निअर इन्फ्रारेड हा चौथा बँड होता, ८ आणि ९ मध्ये तो पाचवा. २००३ नंतरच्या लँडसॅट-७ प्रतिमेत तिरके काळे पट्टे दिसले तर तेही तुमच्या हातून झालेलं नाही. त्या वर्षी ३१ मे रोजी त्याचा स्कॅन लाइन करेक्टर निकामी झाला.

क्षेत्रफळ ०.००-काहीतरी येतंय? थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आहे. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात नाशिक ४३ उत्तर पट्ट्यात येतं, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. त्यात रूपांतर करून मगच मोजा. मात्र वर्गीकृत रास्टरचं (पिक्सेलांच्या थराचं) रूपांतर करताना 'निअरेस्ट नेबर' निवडा. बायलिनिअर निवडलंत तर वर्ग २ आणि वर्ग ५ यांच्या मध्ये ३.५ नावाचा नवाच वर्ग जन्माला येतो.

शेपफाइल (नकाशाचे बिंदू, रेषा, बहुभुज साठवणारी फाइल) मित्राला पाठवली आणि उघडेना, तर फक्त .एसएचपी गेली असेल, सोबतच्या.एसएचएक्स, .डीबीएफ, .पीआरजे याही लागतात. मराठी नावांचे प्रश्नचिन्ह झाले तर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणून 'तालुका'चं नुसतं 'ताल' उरतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा एकाच फाइलचा प्रकार वापरा, हा सगळा त्रास संपतो.

कागदावर उतरवताना

नाशिक शहर जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावरच आहे, त्यामुळे जुन्या स्थलदर्शक नकाशात ते ४६ एच आणि ४७ ई अशा दोन पत्रांच्या सीमेवर येतं. दोन्ही जोडूनच काम करावं लागतं. ती जुनी पत्रं एव्हरेस्ट लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरची. जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ मापावरची समजून टाकलीत तर नदी प्रतिमेतल्या नदीवर बसणार नाही.

१० मीटरच्या प्रतिमेवरून १:५,००० चा नकाशा छापू नका. १:२५,००० ही ओढूनताणून मर्यादा. एकट्यादुकट्या पिक्सेलचे ठिपके गाळणीनं काढा, पण गाळणी किती गुंठ्यांची लावली ते टीपेत द्या, नाहीतर शेततळी नाहीशी होतील आणि कुणाला कळणारही नाही. प्रमाण आकड्यात न देता पट्टीनं द्या, कारण ए-३ चा नकाशा कुणीतरी ए-४ वर छापणारच. द्राक्ष, ऊस आणि जंगल अशा तीन हिरव्या छटा कृष्णधवल छपाईत एकच होतात. शीर्षकात हंगाम आणि प्रतिमांच्या तारखा लिहा. आणि क्यूजीआयएसमधून पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं तुटत असतील तर निर्यात करताना मजकूर 'पाथ' (अक्षरांऐवजी रेषाकृती) म्हणून काढण्याचा पर्याय निवडा; मग तो शोधता येत नाही, पण त्र्यंबकेश्वर हे त्र्यंबकेश्वरच वाचलं जातं.