सिगार साठवताना या चुका टाळा : नाशिकच्या हवेत, कमी खर्चात

सिगारची नव्याने आवड लागलेली बरीच मंडळी पहिला मोठा खर्च लाकडी ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगारची ओल टिकवणाऱ्या पेटीवर करतात आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. स्वस्त लाकडी पेटीचे झाकण क्वचितच घट्ट बसते; शिवाय आतले कोरडे लाकूड सुरुवातीचे दिवस सिगारच्या वाट्याची ओल स्वतःच शोषून घेते. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत भिंतींना ओल सुटते, त्यामुळे ज्या पेटीतून हवा ये-जा करते ती पेटी कितीही देखणी असली तरी उपयोगाची नाही. झाकणाला रबरी कडा आणि चारही बाजूंना खटके असलेला साधा हवाबंद डबा हे काम अधिक चोख करतो आणि तो भांड्यांच्या दुकानात सहज मिळतो.

डबा मात्र कोराच घ्यावा. मसाल्याचा किंवा लोणच्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि घासूनही जात नाही. नवा डबाही धुऊन, पूर्ण वाळवून, एक दिवस झाकण लावून ठेवावा आणि मग उघडून वास घ्यावा. काहीही जाणवले तर तो सिगारसाठी वापरू नये. याच कारणाने डांबरगोळ्यांचे कपाट आणि उदबत्ती लागते ते देवघर, या दोन्ही जागा टाळाव्यात. डब्यात घालायला सुताराकडून देवदाराची फळी आणणेही चुकीचे आहे, कारण तिचा उग्र वास तंबाखूला लागतो. सिगारच्या पेट्यांना वापरतात ते स्पॅनिश सीडर कडुनिंबाच्या कुळातले, अगदी वेगळे झाड आहे. ते मिळाले नाही तरी काही बिघडत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक आर्द्रतेच्या बाबतीत होते. ओला स्पंज किंवा पाण्याची वाटी ठेवली की बंद डब्यातली आर्द्रता चढत राहते आणि थोड्याच दिवसांत बुरशी धरते. उलट, पावसाळ्यात घाबरून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर सिगार कोरडे होतात. त्यापेक्षा ६५ किंवा ६९ टक्क्यांच्या, ओल देणाऱ्या आणि जास्त झालेली शोषून घेणाऱ्या तयार पुड्या वापराव्यात. २५ सिगार मावतील एवढ्या डब्याला ६० ग्रॅमची एक पुडी पुरते. हाताला ती कडक, दाणेदार लागू लागली की बदलावी.

पुडीवरच्या आकड्यावर विसंबून न राहता आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा, पण त्याचीही परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडावे. मीठ ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत २४ तास ठेवल्यावर मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७१ दाखवले, तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवून वाचावे. या साध्या परीक्षेमुळे पुढचे कितीतरी नुकसान वाचते, म्हणून ती टाळू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

उन्हाळ्यात डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. तिथली हवा कोरडी असते आणि वासही अनेक असतात. गच्चीखालची खोली व पश्चिमेची तापणारी भिंत सोडून, आतल्या भिंतीच्या कपाटातला सर्वांत खालचा कप्पा निवडावा. वाइनसाठी घरी कूलर असेल तर तो १८ अंशांवर ठेवून त्यात हवाबंद डबा चालतो; वाइनचे १२-१४ अंश सिगारला गरजेचे नाहीत. तापमान २४-२५ अंशांच्या वर बराच काळ राहिले, तर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटण्याचा धोका वाढतो. पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे दिसताच तो सिगार फेकावा, उरलेले पिशवीत घट्ट बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये आणि त्यानंतरच बाहेर ठेवावेत. एकदम बाहेर काढले तर बाहेरचे पान तडकते.

पांढरी पूड दिसली की ती मुरल्याची खूण समजून खूश होऊ नये, कारण ती बहुधा बुरशीच असते. वरवरचे डाग पुसता येतात, पण पेटवण्याच्या टोकातून आत बुरशी गेली असेल तर सिगार टाकून द्यावा.

ओढताना दम लागत असेल किंवा एकीकडूनच जळत असेल, तर सिगार बहुधा जास्त ओला आहे. झपाट्याने जळून घसा जाळत असेल तर कोरडा. कोरडा झालेला सिगार घाईने ओला केला की फाटतो. डब्यात काही आठवडे जाऊ द्यावेत. कापताना टोपीच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर चिकटवलेल्या पानाच्या, रेषेखाली जाऊ नये, नाहीतर पान उलगडत जाते. मिनिटाला एखादाच झुरका पुरे. धूर छातीत घेत नाहीत, पण त्यामुळे धोका टळत नाही: तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिगार विकणे आणि सार्वजनिक जागी ओढणे या दोन्हींवर कायद्याने बंदी आहे.

सुरुवातीला २५ चा खोका घेऊ नये. वेगवेगळे चार-पाच सुटे सिगार घ्यावेत, कुरियरने आले असतील तर दोन आठवडे डब्यात विसावू द्यावेत. सुगंधी सिगारसाठी वेगळा डबा ठेवावा आणि अर्धा ओढलेला सिगार कोणत्याही डब्यात परत ठेवू नये.