पावती एक, आकडे दोन: ग्रामपंचायतीतला अपहार वर कसा कळवावा

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी ११ वर्षं वसुली क्लार्क होते. एकदा शेजारच्या काकूंनी पाणीपट्टीची पावती दाखवली, १,२०० रुपयांची. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तकातली स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारी प्रत, पाहिली, तर तिथं २००. अक्षर माझं नव्हतं. पण वसुली माझ्या नावावर होती, त्यामुळं पोटात गोळा आला.

अशा वेळी आधी तोंड बंद ठेवा. मी एका सहकाऱ्याला विश्वासानं सांगितलं आणि दोन दिवसांत ते पावतीपुस्तक कपाटातून गेलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

घरी एक वही सुरू करा. तारीख, पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक. मग लोकांच्या हातातल्या पावतीची रक्कम, स्थळप्रतीची रक्कम आणि त्या दिवशी नमुना ५ ला, म्हणजे रोकडवहीत, पडलेली जमा. हे तीन आकडे शेजारी मांडले की चौकशीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याला दप्तर उघडावंच लागतं. ‘इथं फार भ्रष्टाचार चालतो’ एवढंच लिहिलं तर तो बिचारा शोधणार काय? लोकांकडच्या पावत्यांच्या झेरॉक्स त्यांना विचारून घ्या. ऑफिसातला मूळ कागद कधीही घरी नेऊ नका, दप्तर पळवल्याचा आळ तुमच्यावरच येतो.

ऑफिसातल्या नकला माहिती अधिकारात मागवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘अमुक महिन्याच्या नमुना १० च्या (कराच्या पावतीच्या) स्थळप्रती आणि नमुना ५ च्या साक्षांकित प्रती’ असं नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

तक्रार गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. सरपंच किंवा सदस्य गुंतलेला असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ लिहा. गैरवर्तनासाठी पदावरून काढण्याची तरतूद त्यात आहे.

कुणी लाच मागत असेल तर रस्ता वेगळा. पैसे देण्याआधी १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. दबावाखाली दिले गेलेच असतील, तर ७ दिवसांच्या आत कळवलं पाहिजे, नाहीतर देणाराही गुन्ह्यात येतो.

आता भीतीचं. ती खरी आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला, पण तो अंमलात आलेला नाही. म्हणून तक्रारीआधीच नेमणुकीचा आदेश, पगाराच्या नोंदी, हजेरी यांच्या नकला घरी आणून ठेवा. माझा पगार दोन महिने अडवला, तेव्हा हेच कागद कामी आले. जमलं तर सोबत चार गावकऱ्यांच्या सह्या घ्या. काकूंनी स्वतःहून पहिली सही केली, हे मी कधी विसरणार नाही.

चौकशीत जबाब घेतील. सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. माझ्या जबाबात १,२०० चे १२० झाले होते. तिथंच खोडून दुरुस्त करायला लावलं, दुरुस्तीशेजारी सही केली आणि नक्कल मागून घेतली.