पर्यावरणावर कलाकाम करायचंय? आधी हापशावर जा

फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाची मुलं पोर्टफोलिओ दाखवायला येतात, त्यात एक चित्र हमखास असतं: केस मोकळे सोडलेली हिरवी बाई, पोटात झाड, पायांना मुळं. खाली कॉन्सेप्ट नोटमध्ये ‘इकोफेमिनिझम’, म्हणजे बाईचं शोषण आणि निसर्गाचं शोषण एकमेकांशी जोडून बघणारा विचार. मी पेंटिंगचा डिप्लोमा केला तेव्हा हा शब्द आमच्या वर्गात कुणी ऐकलेलाही नव्हता, त्यामुळे आज तो पोरांच्या तोंडी आहे याचं बरंच वाटतं. पण त्या बाईच्या घरी पाणी कोण भरतं, हे काही चित्रात दिसत नाही.

या वाटेला लागायचं असेल तर चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांचं छत्तीसगडच्या बस्तरमधलं काम निवांत बघा. जे.जे.त शिकलेल्या आणि मुंबईत नाव झालेल्या नवज्योत नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कोंडागावला शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सुराम विश्वकर्मा या तिथल्या कलाकारांबरोबर काम करू लागल्या. त्यातलं ‘नलपार’ म्हणजे हापशांच्या जागा. पाणी भरायचं ते बायका-मुलींनीच. हापशाभोवती चिखल, आणि भरलेला हंडा जमिनीवरून उचलून थेट डोक्यावर. या मंडळींनी ओटे नव्याने रचले. हंडा मध्येच टेकवता येईल असे टप्पे केले, सांडपाण्याला वाट काढून दिली. बायकांना घटकाभर थांबून बोलायलाही जागा झाली. ‘हे तर बांधकाम खात्याचं काम,’ असं कुणीतरी म्हणतंच. मला मात्र त्या टप्प्याची उंची हाच शिल्पाचा गाभा वाटतो. स्टुडिओत बसून ती ठरत नाही. पाणी भरणारीची कंबर, तिचा हंडा, कडेवरचं पोर, सगळं विचारात घ्यावं लागतं.

न्यूयॉर्कच्या कलाकार मिअर्ल लॅडरमन युकलीस यांनी आई झाल्यावर, १९६९ साली, धुणं-पुसणं-सांभाळणं हीच माझी कला असा जाहीरनामा लिहिला. पुढे १९७९-८० मध्ये शहरातल्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांना भेटून प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. आपल्याकडे पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ पासून आहे. पुण्यात शिकणाऱ्यांनी विषय शोधायला फार लांब जायची गरज नाही. चंद्रपूरकडच्यांनी प्रभाकर पाचपुते यांची खाणींवरची चित्रं बघावीत. कोळशाच्या गावचा माणूस, चित्रंही कोळशानेच काढतो.

वाचनाचं थोडक्यात सांगते. इकोफेमिनिझम मांडणाऱ्या वंदना शिवा आणि मारिया मीस वाचा, पण लगोलग त्या मांडणीला प्रश्न विचारणारा, अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांचा १९९२चा लेखही वाचा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, सरपणाला कोण जातं, जात-वर्ग कोणता, यावर बाईचं निसर्गाशी नातं ठरतं, असा त्यांचा रोख आहे. तो पटला की हिरव्या बाईची चित्रं आपोआप कमी होतात.

आता पैशाचं. गावातली बाई तुमच्यासाठी दिवसभर बसली तर तिची रोजी बुडते. ती बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा. एका संस्थेने माझ्या अर्जातली नेमकी हीच ओळ खोडायला सांगितली होती, कारण ‘सहभाग स्वेच्छेचा असावा’. मी अर्जच मागे घेतला, आजही घेईन. प्रदर्शनाच्या पाटीवर तिचं नाव तुमच्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवं. फोटोला गावात ‘हो’ म्हणालेली बाई मुंबईच्या गॅलरीलाही ‘हो’ म्हणेल असं धरून चालू नका, पुन्हा विचारा.

अशा कामावर घर चालत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, सुट्टीत संस्थांसाठी पोस्टर-पुस्तिका करते. अनुदानांमध्ये बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे भारतीय भाषांत अर्ज करता येतो, म्हणजे मराठीतही. इंग्रजीच्या धास्तीने अडून राहिलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. अर्जाला फक्त तयार कामाचे चकचकीत फोटो जोडू नका. मोजमापांची वही, बायकांनी नाकारलेलं पहिलं डिझाइन आणि त्यांनी ते का नाकारलं, हेही जोडा.